पाठमोरे सर

सरांना बरोबर घेऊन चारचौघांत जायचं म्हटलं की मला घरातूनच घाम फुटायचा. इथे जर्मनीत, एर्लांगेनला आमचं छोटंसं मराठी मंडळ आहे. तिथल्या गणपतीला एकदा मोठ्या हौसेनं त्यांना घेऊन गेलो. साठीला टेकलेला माणूस, बेताची उंची, हनुवटीपर्यंत चेन ओढलेलं ट्रॅकसूटचं जाकीट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी गणपतीलाही. आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत मूर्तीकडे बघतायत आणि सर बघतायत माणसांच्या कमरांकडे. बायकांच्या, पुरुषांच्या, मंडळाच्या अध्यक्षांच्या. भेदभाव अजिबात नाही. आरती संपल्यावर तिथल्या एका काकूंनी मला चपलांच्या ढिगापाशी गाठलं.

"तुझे हे पाहुणे काही बरे वाटत नाहीत मला."

"काकू, ते डिफेन्स कोच आहेत," मी म्हणालो.

तो एखादा त्वचारोग असावा असं तोंड करून काकू आपल्या मुलीला घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

परतताना बसमध्ये मी सरांना झालेला प्रकार सांगितला. ते जराही वरमले नाहीत. "अरे, डोळे फसवतात. खांदे फसवतात. पाय तर काय, पक्के चोर. कंबर तेवढी फसवत नाही. कंबर वळली की माणूस तिकडं जाणार म्हणजे जाणार. जन्मभर पोरांना हेच शिकवलं मी, आता देवापुढं डोळे कुठं ठेवू?" मग म्हणाले, "तुमचे अध्यक्ष प्रसादाला थांबायचे नव्हते, बघितलंस का?" अध्यक्ष खरोखरच थांबले नव्हते. पण म्हणून माझी लाज कमी झाली असं नाही.

ते आमच्याच इमारतीत, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मी पुण्याहून इथल्या वैद्यकीय यंत्रांच्या एका कंपनीत टेस्टिंगला आलो, तेव्हा शेजारच्या घंटीवर अस्सल सांगलीकडचं आडनाव वाचून मला भरून आलं होतं. म्हटलं, गरम पोळीची सोय झाली. घंटी दाबली. सरांनी दार उघडलं, नाव-गाव काही विचारलं नाही, दंडाला धरून आत घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला उभं केलं. टेबलावर स्टीलच्या वाट्या आणि काचेचे पेले समोरासमोर मांडले होते.

"हलू नको. एक वाटी कमी पडायलीय. तू सेफ्टी, सगळ्यात मागचा गडी."

आणि त्यांच्या हातातली मिठाची बरणी दोन-तीन वाट्यांना चुकवत माझ्या दिशेनं पळत आली. मी चपला हातात धरून सेफ्टी झालो. पोळी मिळाली नाही. पुढे माझी बायको आणि मुलगी इकडे आल्या, तेव्हापासून आमच्याही वाट्या तिकडे जायला लागल्या आणि आमटी आम्ही कपात घ्यायला लागलो.

वाट्या म्हणजे बचाव आणि पेले म्हणजे चढाई. सरांचं सगळं आयुष्य वाट्यांच्या बाजूनं गेलं. हा अमेरिकन फुटबॉल पायानं खेळायचा खेळ नव्हे. टोकदार चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी त्या पळणाऱ्याला आडवं पाडायचं, असा तो धसमुसळा प्रकार. एकाच संघात चढाईची माणसं वेगळी, बचावाची वेगळी, आणि दोघांचे कोचही वेगळे. आपल्या संघाची चढाई सुरू झाली की सर मैदानाकडे पाठ करायचे, बचावाच्या पोरांना बाकावर बसवायचे आणि त्यांच्यापुढे फळ्यावर रेघोट्या ओढत राहायचे. आपल्या संघानं गुण केले, लोक बोंबलतायत, ढोल वाजतोय, कुणी कुणाच्या अंगावर बिअर सांडतोय. सर आपले पाठमोरे. सामना संपल्यावर मला विचारायचे, "आपले किती झाले रे?" समोरच्यांनी किती केले ते त्यांना विचारावं लागत नसे. जिन्यात माझ्यापाशी उभं राहून ते त्या एकेका गुणाची माफी मागायचे. माझी! मी कोण? मला तर तेव्हा नियमसुद्धा धड येत नव्हते. पण शेजारच्या जर्मन बायका ये-जा करतायत आणि पांढऱ्या केसांचा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा आहे, या दृश्यानं मीच शरमिंदा व्हायचो.

मला त्यांनी कॅमेऱ्याला लावलं. मैदानाच्या टोकाला लोखंडी पाइपांचं मचाण होतं, त्यावर चढून सामना टिपायचा. पहिल्या रविवारी मी इमानदारीत चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवला. ते बघून सरांनी कपाळावर हात मारला. "चेंडू बघायला तिकीट काढून माणसं आल्यात की! तू आपली पोरं बघ. ज्याच्याकडं चेंडू आलाच नाही, तो काय करत होता ते दाखव मला."

एकदा भांडी घासता घासता त्यांनी आपली सगळी हकिकत सांगितली. तेवढी एकदाच.

सांगलीला इंजिनिअर होऊन ते पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेले. कॉलेजात फीपुरतं काम हवं होतं, ते फुटबॉलच्या ऑफिसात मिळालं: सामन्यांच्या टेपा कापायच्या, जोडायच्या. टेपा बघता बघता हे सहज बोलून जायचे, "हा आता डावीकडं जाणार." तो जायचा. तिथल्या डिफेन्स कोचनं ते ऐकलं आणि यांना आपल्या हाताखाली घेतलं. डिग्री राहिली ती राहिलीच. पहिल्या नोकरीचं नाव होतं 'डिफेन्सिव्ह क्वालिटी कंट्रोल'. म्हणजे खोली बंद करून दिवसभर टेपा बघत बसणारा सगळ्यात धाकटा माणूस. पण पत्रातलं ते नाव वाचून सांगलीत वडिलांनी पेढे वाटले. साखर कारखान्यात हेडक्लार्क होते ते. चिरंजीव अमेरिकेत क्वालिटी कंट्रोलला आहेत, असं त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं, आणि सरांनी ते तसंच राहू दिलं.

"खोटं कुठं होतं त्यात?" सर कढई खरवडत म्हणाले.

पुढे ते चढत गेले. मागच्या फळीचे कोच झाले, मग अख्ख्या बचावाचे. पण त्या धंद्याची एक रीत आहे. मुख्य कोचला काढलं की त्याच्या हाताखालचे सगळे जातात, मंत्रिमंडळ पडावं तसे. तुमचा बचाव राज्यात पहिला असला तरी चढाईवाल्यांनी माती खाल्ली की तुम्हीही सामान बांधायचं. सरांनी असं पाच-सहा गावांत बांधलं. पहिल्या दोन गावांना बायको बरोबर होती, तिसऱ्याला आली नाही. "तिची काय चूक? तिनं इंजिनिअरशी लग्न केलेलं."

आणि वडिलांना शेवटी कळलं. कुठल्यातरी नातेवाइकानं अमेरिकेहून येऊन सांगितलं, अहो, तो तर मैदानावर शिट्टी वाजवत असतो. "ते मला एका शब्दानं बोलले नाहीत," सर म्हणाले. "फक्त संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसायचं बंद केलं. लोकांना काय तोंड दाखवायचं, म्हणून. मी गेलो तेव्हा खिडकीशी बसलेले असायचे, पडदा ओढून. त्या वयात माणूस लाजला की परत बाहेर येत नाही रे." नळ बंद करून त्यांनी हात पुसले आणि विषय वाट्यांवर आणला.

एर्लांगेनला मात्र ते टिकले होते. इथला संघ म्हणजे बराचसा युनिव्हर्सिटीच्या पोरांचा. खेळायचे, पास व्हायचे, निघून जायचे. सर राहायचे. इथे त्यांनी एक अजब गोष्ट केली होती. बचावाच्या पोरांना मैदानात एकमेकांना ओरडून सूचना द्याव्या लागतात. इंग्रजीत ओरडलं तर समोरच्यांना कळतं, जर्मनमध्ये ओरडलं तर कळतंच कळतं. बाकीचे संघ सांकेतिक शब्द ठेवतात. पण ऐन धुमश्चक्रीत पोरं ते विसरतात. सरांनी सरळ मराठी शिकवली. डावा म्हणजे डावा, उजवा म्हणजे उजवा. आत, बाहेर, मागं, थांब, सोड, घूस. साडेसहा फुटी, सोनेरी दाढीवाला गडी दुसऱ्या तसल्याच गड्याला "मागं ये की रं!" असं सांगलीच्या ठसक्यात ओरडायचा. परदेशात आपली भाषा ऐकून ऊर भरून यायला हवा. मी मचाणावर टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचो.

"सर, समोरच्यांकडून एखादा मराठी माणूस आला तर?" मी विचारलं होतं.

"मराठी माणूस? रविवारी सकाळी? हा खेळ बघायला? त्याच्या घरी पोहे नाहीत होय?"

त्या वर्षी उन्हाळ्यात बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. बोलणं हा त्यांचा श्वास. इथे त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मी आणि बायको दिवसभर कामावर. नातीला ते मराठीतून काहीबाही विचारायचे, ती "गेनाऊ, ओपा" म्हणजे 'बरोबर, आजोबा' एवढं म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालायची. मग ते गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या सायकली बघत राहायचे. सरांनी त्यांना पहिल्या भेटीतच वाकून नमस्कार केला. शिट्टी बाबांच्या अंगठ्यावर आपटली. तेव्हापासून रोज संध्याकाळी थोडा वेळ तरी सर चहाला यायचे आणि बाबांकडून कृष्णेच्या खोऱ्याची माहिती ऐकून घ्यायचे, जशी काही ते पहिल्यांदाच ऐकतायत.

संघाचं मात्र बरं चाललं नव्हतं. मोसमाचा शेवटचा सामना हरलो तर खालच्या गटात जाणार, अशी वेळ आली. फेराइनचं नवं फोरश्टांड, म्हणजे क्लबचं कार्यकारी मंडळ, तिशीतल्या पोरांचं. त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं: खाली गेलो तर नवा कोच आणणार. सर जिन्यात मला म्हणाले, "एकदा तरी एखाद्या गावातून मी ठरवीन तेव्हा निघायचंय. दुसरं काही नको मला."

सामन्याला मी बाबांना घेऊन गेलो. मला मचाणावर चढायचं होतं, म्हणून त्यांना स्टँडमध्ये सोडलं. ऊन छान येतं आणि सगळं दिसतं, म्हणून ते अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. पूर्वार्धात आमच्या पोरांनी पाहुण्यांना हलू दिलं नाही. डावा, उजवा, घूस! माझीसुद्धा टोपी त्या दिवशी वर सरकली. मध्यंतराच्या आसपास लांबून बघितलं तर बाबा शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलत होते. मला बरं वाटलं. चला, कुणीतरी भेटलं यांना.

उत्तरार्धात सगळं फिरलं. आमची पोरं "उजवा" ओरडली की चेंडू डावीकडून जायचा. "घूस" म्हटलं की तो घुसणाऱ्याच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत. सर एकदा वळून स्टँडकडे बघताना मला दिसले. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पोरांना हातानं खूण केली, बोलू नका. मुकी झालेली पोरं एकमेकांवर आदळायला लागली. आम्ही हरलो.

परतताना गाडीत बाबा माझ्या शेजारी, सर मागे हेल्मेटांच्या पिशव्यांमध्ये. बाबांचा चेहरा फुलला होता.

"अरे, आज माझी मुलाखत झाली. तिथे वर एक रेडिओवाला होता, कानाला ते हेडफोन, तोंडापुढे माइक. इंग्लिश उत्तम बोलत होता. मी म्हटलं, धिस इज माय मदर टंग, मराठी! त्याला विश्वासच बसेना. एकेक शब्द विचारून घेतला. मी नीट फोड करून सांगितलं, उजवा म्हणजे हा हात, मागं म्हणजे असं. तो लगेच माइकमध्ये बोलत होता. लाइव्ह असणार."

माझे कान तापले. वरून खेळ बघून खाली आपल्या कोचला माइकवरून सांगणारा माणूस प्रत्येक संघाचा असतो. आरशात बघायची माझी छाती होईना.

"बरं केलंत काका," मागून सर म्हणाले. "आणि सगळे शब्द सांगितलेत का?"

"अहो म्हणजे काय! एक ठेवला नाही."

"छान."

घरापाशी बाबा वर गेल्यावर मी सरांपुढे उभा राहिलो. जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. "तुम्हाला तिथंच कळलं होतं ना? कुणाला तरी पाठवायचं वर!"

"काय सांगायला पाठवू? म्हाताऱ्याला म्हणावं गप्प बस?" त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. "ते उभे राहून त्या बाप्याला हात करून दाखवत होते. दोन महिन्यांत काकांना एवढं खूश बघितलं नव्हतं मी. तू त्यांना काही बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

फोरश्टांडच्या बैठकीला कॅमेरावाला म्हणून मीही होतो. अध्यक्ष झालेल्या पोरानं विचारलं, आल्झो, तर मग उत्तरार्धात नक्की काय झालं? मी खरं सांगायचं ठरवून आलो होतो. खुर्चीतून उठायला निघालो, पण माझा पार्श्वभाग हलायच्या आत सरांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि मला खाली दाबून बसला. त्यांची नजर माझ्या कमरेवर होती. मग दुसरीकडे बघत ते जर्मनमध्ये म्हणाले, "मी सूचना उशिरा दिल्या. चूक माझी." पोरांनी ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात सरांनी फ्लॅटची नोटीस दिली.

पोलंडच्या सीमेजवळच्या एका लहान गावात त्यांना काम मिळालं, तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या संघात. जाताना आमच्या वाट्या घासूनपुसून परत केल्या. बाबांना नमस्कार केला. बाबा म्हणाले, "तो रेडिओचा कार्यक्रम परत लागला तर मला कळवायला सांगा हं त्यांना." सर म्हणाले, "कळवतो की काका." मी तिथे उभा राहून दाराच्या पायपुसण्याकडे बघत होतो. अजूनही दर दिवाळीला ते पुण्याला फोन करतात आणि विचारतात, काय काका, रेडिओ लागला का? आणि बाबा म्हणतात, नाही हो, वाट बघतोय. एका दिवाळीला मी पुण्यात होतो, तेव्हा स्पीकरवर हे ऐकताना मी खोलीतून उठून गेलो.

कारण बाबांच्या परतीच्या आदल्या सकाळी आम्ही बॅगेचं वजन करत होतो. बाथरूममधल्या काट्यावर आधी बाबा एकटे उभे राहिले, मग बॅग हातात घेऊन. मी खाली वाकून आकडा बघत होतो. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"तो रेडिओवाला नव्हता ना रे?"

मी वाकलेलाच राहिलो.

"इतकी वर्षं वर्गात उभा राहिलोय मी. गाडीत ते 'बरं केलंत' म्हणाले, तेव्हाच कळलं मला. खरोखर बरं केलं असतं तर माणूस असं हळू म्हणत नाही."

"मग बाबा, इतके दिवस तुम्ही रेडिओ रेडिओ..."

"काय तोंडानं माफी मागू? माझ्या बडबडीपायी पोटावर पाय आला त्यांच्या."

"मी सांगतो त्यांना. आत्ता फोन लावतो."

"अजिबात नाही." बॅग अजून त्यांच्या हातातच होती. "गाव गेलं त्यांचं, काम गेलं. एका म्हाताऱ्याला लाज वाटू दिली नाही, एवढंच त्यांच्याकडे राहिलंय. ते तरी राहू दे."

मग त्यांनी विचारलं, किती भरलं? मला आकडा धड दिसत नव्हता. बरोबर आहे, असं मी सांगितलं.